कधीच न चावलेला साप

"याची जात कुठली?"

अक्कांनी विचारलं, आणि मंडपातली कुजबुज एकदम थांबली.

महांतेश हसला. त्याच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, एक साप वेटोळं घालून पडला होता. अंगठ्याएवढा जाड. काळपट अंगावर पांढरे पट्टे. डोकं दिसत नव्हतं. ते त्यानं आपल्याच अंगाखाली लपवलं होतं.

"अक्का," महांतेश म्हणाला, "तुम्ही जात विचारता?"

मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं.

हसण्यासारखंच होतं ते. हत्तरवाडीच्या डोंगरावरच्या या मठाच्या दारावर एकच ओळ कोरलेली होती : 'आत येणाऱ्याची जात विचारू नये.' मठ चालवणाऱ्या अक्कांनीच ती कोरून घेतली होती. तिच्यापायी गावातली चार बडी घरं मठात यायची बंद झाली, काही वर्षांनी त्यांतली तीन परत आली. ओळ तशीच राहिली.

"दारावरचं ते माणसासाठी आहे," अक्का म्हणाल्या. "माणसाची जात विचारली तर माणूस दुखावतो. सापाची विचारली नाही तर..."

त्या खांबाचा आधार घेत हळूहळू खाली बसल्या, महांतेशच्या अगदी समोर.

अक्का बरेच दिवस तापानं आतल्या खोलीत पडून होत्या. आज कार्तिकातला दीपोत्सव, म्हणून उठून बाहेर आल्या होत्या. पहिला दिवा त्यांनी लावायचा, मग बाकीच्यांनी. बाया पणत्या, तेल, वाती घेऊन रांगेत बसल्या होत्या. ऊन मंडपाच्या पायरीवरून उतरून गेलं होतं.

आणि सगळ्यांची तोंडं होती महांतेशकडे.

महांतेश पूर्वी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. नोकरी सोडून मठात राहायला आला. हुशार. एकदा वाचलेलं विसरत नसे, आणि एकदा बोलायला लागला की ऐकणाऱ्याला उठवत नसे. पाऊस सरता सरता झऱ्याकडची भिंत ढासळली. दगड बाजूला करताना खालून हा साप निघाला. गडी पळाले. महांतेशनं एक नजर टाकली आणि म्हणाला, "कवड्या आहे. विष नसतं याला." आणि सरळ हातानं उचलला.

साप त्याच्या हातात फितीसारखा पडून राहिला.

तेव्हापासून तो महांतेशच्या खोलीत वेताच्या टोपलीत राहत होता. दुपारच्या निरूपणाला महांतेश त्याला हातावर घेऊन बसायचा. भय म्हणजे काय, निर्भय कोण, हे सांगताना तो हात पुढे करायचा. लोक श्वास रोखून बघायचे. पाहता पाहता बातमी खाली गावात गेली, तिथून पलीकडच्या खोऱ्यात गेली. मठात एक साप आहे, तो चावत नाही. त्याला हात लावला की मनातली भीती जाते.

मग आया भित्री पोरं घेऊन येऊ लागल्या.

आज नीलव्वा आली होती. तिची चार-पाच वर्षांची चन्नू आईच्या पदराआड उभी होती. खेळता खेळता ती धान्याच्या कोठीत कोंडली गेली होती. आईला सापडेपर्यंत अंधार पडला होता. तेव्हापासून दिवस मावळला की पोरगी घराबाहेर पाय टाकत नव्हती. आज मठात यायलाही ती रडत रडतच तयार झाली होती.

"अण्णा, हिच्या हातावर जरा ठेवा की," नीलव्वा म्हणत होती. "रातीला दचकून उठती. लई बघवत न्हाई."

महांतेश हात पुढे करणार, तेवढ्यात अक्कांचा प्रश्न आला होता.

"सांग की," अक्का म्हणाल्या. "जात कुठली?"

"कवड्या."

"ओळखलास कसा?"

"पट्टे बघून." महांतेशच्या आवाजात वर्गातला मास्तर आला. "शाळेत मी फळ्यावर दोन साप शेजारी शेजारी काढायचो, अक्का. एक कवड्या आणि एक मण्यार. दोघांच्या अंगावर पट्टे. माणसं फसतात."

"फसली तर?"

"कवड्याला मण्यार समजून मारतात. बिचारा फुकट मरतो."

"आणि उलटं फसली तर?"

"तर... मण्यार चावलेली कळतही नाही. सूज नाही, आग नाही. झोपेत चावते. माणूस सकाळी उठतच नाही."

नीलव्वानं पोरीला नकळत मागं ओढलं.

"घाबरू नका, मावशी," महांतेश म्हणाला. "हा पहिला. कवड्या."

"नक्की?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, इतके दिवस अंगावर खेळवतोय मी याला."

"चावला?"

"एकदाही नाही."

"फुसकारला? अंगावर आला?"

"कधीच नाही."

"भिंतीखालून ओढून काढलास, तेव्हा?"

"तेव्हाही नाही. पहिल्या दिवसापासून असाच. जीव ओळखतो जीवाला. आपल्या मनात भय नसलं की समोरच्याच्या मनात..."

"ते राहू दे," अक्का म्हणाल्या. "तुझ्या फळ्यावरच्या कवड्याचं सांग. स्वभाव कसा होता त्याचा?"

महांतेशनं तोंड उघडलं. हा धडा त्यानं इतक्या वेळा शिकवला होता की शब्द आपोआप येत होते.

"कवड्या स्वभावानं तापट. विष नसलं तरी धरायला गेलं की लगेच..."

तो थांबला.

"लगेच?"

"धरायला गेलं की लगेच..."

"लगेच काय, महांतेश?"

"चावतो," तो म्हणाला.

मंडपात कुणीतरी खोकलं. बाहेर गाभण म्हैस हंबरली आणि गप्प झाली.

"आणि दुसरी?" अक्कांचा आवाज होता तसाच होता. "मण्यार. तिचा स्वभाव?"

महांतेशची नजर अक्कांच्या चेहऱ्यावर खिळली होती. ती हाताकडे न्यायची त्याची तयारी नव्हती.

"दिवसा सुस्त असते. डिवचलं तरी... डिवचलं तरी चावत नाही सहसा. वेटोळं करते. डोकं..."

"डोकं?"

"अंगाखाली घालते."

अक्कांनी त्याच्या हातावरच्या वेटोळ्याकडे बघितलं.

"तुझ्याकडे आणखी एक होता ना रे?" त्यांनी विचारलं. "लहानसा, हिरवट."

"गवत्या. सोबत म्हणून ठेवला होता याच टोपलीत. एका सकाळी बघतो तर नाही. सुटला असेल."

"झाकण उघडं होतं?"

"नाही."

"टोपलीला भोक?"

"नाही..."

"मण्यार खाते काय?"

उत्तर महांतेशला पाठ होतं. पोरांकडून त्यानं ते वहीत लिहून घेतलं होतं. उंदीर, पाली... आणि इतर साप.

"आता त्याच्याकडे बघ," अक्का म्हणाल्या.

"अक्का, मी रोज..."

"रोज दाखवतोस. आज बघ."

महांतेशनं मान खाली केली.

पट्टे तर होतेच. भिंतीपाशी पहिल्या दिवशी पाहिलेले तेच पट्टे. त्या दिवशी त्यानं नाव घेतलं, आणि नाव घेतल्यावर पुन्हा बघायचं काही कारणच उरलं नव्हतं. आता तो वरच्या वेटोळ्यावरून हळूहळू नजर खाली नेऊ लागला.

कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. पुढे ठळक, शेपटीकडे विरळ होत जातात.

इथे मान कोरी होती. मानेमागचं वीतभर अंग निळसर काळं, चकचकीत, पावसात भिजलेल्या दगडासारखं. मग बारीक पांढरी रेघ. तिच्याजवळच दुसरी. जरा अंतर सोडून पुन्हा जोडी. शेपटीकडे जाल तसतशा जोड्या जवळ जवळ, स्पष्ट.

आणि पाठीच्या मधोमध खवल्यांची एक ओळ. बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी. प्रत्येक खवल्याला सहा कोन.

मोजायची गरज नव्हती. तरी त्यानं एका खवल्याचे मोजले.

"अक्का," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ही... ही आहे."

एवढ्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच 'ही' म्हटलं होतं.

"मोठ्यानं सांग. मला नको. त्यांना."

महांतेशनं मान वर केली. सगळे त्याच्याकडे बघत होते. राचाप्पा, जो रोज पुढची जागा धरून बसायचा. पलीकडच्या खोऱ्यातली ती माणसं, जी फक्त त्याच्यासाठी डोंगर चढून आली होती. चन्नू, पदराच्या कडेनं एक डोळा काढून.

त्याच्या कपाळावर घाम आला. कानांच्या पाळ्या तापल्या. हातावरच्या विषापेक्षा हे बोलणं जड जाईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मी चुकलो," तो म्हणाला. मग छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा, बोलला, "ऐका सगळ्यांनी. मी चुकलो. हा कवड्या नाही. ही मण्यार आहे. विषारी आहे. मावशी, पोरीला घेऊन मागे व्हा. सगळेच मागे व्हा. पळू नका. पाय आपटू नका. जमिनीची थरथर तिला कळते."

एक बाई किंचाळली. पणत्यांचं सूप लवंडलं.

"काठी आणा!" कुणीतरी ओरडलं. "ठेचा तिला!"

"तिच्याखाली माझ्या माणसाचा हात आहे," अक्का म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "काठी उचलेल त्यानं आधी मला सांगावं."

कुणी काठी उचलली नाही.

माणसं भिंतीला लागली. नीलव्वानं चन्नूला कडेवर घेतलं होतं आणि तिचा चेहरा खांद्यात दाबून धरला होता. मंडपाच्या मधोमध दोघंच उरली. महांतेश आणि अक्का.

बाहेर दिवस मावळला होता. खांबांच्या मधला उजेड राखेसारखा झाला.

आणि हातावर काहीतरी हललं.

कधी नव्हे ती वेटोळी सैल होत होती. पोटाची गार कातडी महांतेशच्या हातावरून सरकली. खालून एक लहान, गुळगुळीत, काळं डोकं बाहेर आलं. महांतेशनं ते नीट असं आजच पाहिलं. रोज संध्याकाळच्या आत तो टोपलीचं झाकण लावत असे.

जीभ बाहेर आली. आत गेली.

"जागी होतेय," तो पुटपुटला. "हिचा दिवस आता सुरू होतो."



"भीती वाटते?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"किती?"

"फार... फार, अक्का."

"बरं झालं. आता सांग. काय करायचं?"

"मला काही सुचत नाही."

"मला तर सापातलं ओ की ठो कळत नाही. तूच सांगायला हवंस. तिला काय आवडत नाही?"

महांतेशनं डोळे मिटले. फळा आठवला. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात तो लिहायचा त्या ओळी आठवल्या. यावेळी त्या नुसत्या ओळी नव्हत्या.

"उजेड," तो म्हणाला. डोळे उघडले. "उजेड नको असतो तिला. अंधारी, गार जागा हवी असते. बीळ हवं असतं. दिवे लावा. सगळे. पण अक्का, अंधार एकाच ठिकाणी राहिला पाहिजे."

अक्का उठल्या. ताप उतरून चारच दिवस झाले होते, पण खांबाचा आधार त्यांनी घेतला नाही. कोपऱ्यातलं पिण्याच्या पाण्याचं मडकं उचललं, पाणी पायरीवर ओतलं, आणि ते घेऊन परत आल्या. मडकं आडवं केलं. त्याचं तोंड महांतेशच्या बोटांपाशी टेकवलं.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "पहिला दिवा आज मी लावत नाही. तुम्हीच लावा. हळू."

काडी ओढल्याचा आवाज झाला.

एक पणती लागली. तिच्यावर दुसरी लागली. बाया अनवाणी, पंजावर चालत आल्या आणि दूरवर गोल धरून पणत्या मांडू लागल्या. कुणाचं तेल सांडत होतं, पण थांबलं कुणी नाही. पुरुष कोनाड्यांतले दिवे लावू लागले. राचाप्पानं देवापुढची मोठी समई उचलून आणली आणि महांतेशच्या पाठीमागे ठेवली. ती ठेवताना त्यानं आवाज होऊ दिला नाही.

मंडप उजळत गेला. खांब उजळले, छत उजळलं, माणसांचे घामेजलेले चेहरे उजळले. दीपोत्सव दरवर्षी व्हायचा, पण एवढा उजेड त्या मंडपानं कधी पाहिला नव्हता.

मण्यारीनं डोकं उचललं. डावीकडे वळवलं. तिकडे उजेड. उजवीकडे वळवलं. तिकडेही उजेड.

ती महांतेशच्या कोपराकडे सरकू लागली. वर, दंडाकडे.

मंडपातला श्वास थांबला.

"हात खाली कर," अक्का अगदी हळू म्हणाल्या. "थोडा."

"हलला तर..."

"हलेलच. हळू हलव."

महांतेशनं हात खाली आणायला सुरुवात केली. आजवर तो हा हात पुढे करत होता, वर उचलत होता, लोकांसमोर फिरवत होता. त्यात त्याला कधी काही लागलं नव्हतं. आता इंचभर खाली आणायला सगळा जीव लागत होता. घाम पापणीवर आला. त्यानं तो पुसला नाही.

मनगट उताराला लागलं. मण्यार थांबली. जीभ बाहेर आली.

समोर मडक्याचं तोंड होतं. ओलं, गार, काळं. सगळ्या मंडपात तेवढाच अंधार शिल्लक होता.

"अक्का, तुमची बोटं मागे घ्या," महांतेश कुजबुजला. "अगदी कडेवर आहेत."

"सोडलं तर मडकं घरंगळेल."

"अक्का..."

"तू तुझ्या हाताकडे बघ."

त्यानं बघितलं. डोकं त्याच्या मनगटावरून तळहातावर उतरलं. तळहातावरून बोटांवर. मडक्याच्या कडेपाशी ते अक्कांच्या अंगठ्याच्या इतकं जवळ गेलं की जीभ अंगठ्याला लागून आली.

अंगठा हलला नाही.

मग डोकं आत गेलं. मागोमाग मान गेली, कोरी, काळी. मग पट्ट्यांची पहिली जोडी, दुसरी, तिसरी... ती घाईत नव्हती. आपल्या घरी चालल्यासारखी चालली होती. शेपटीचं टोक बोटावरून सुटलं तेव्हा महांतेशला कळलंच नाही. हात हलका झाला, तेव्हा कळलं.

त्यानं मडकं उभं केलं. खांद्यावरचा पंचा दुहेरी केला, तोंडावर टाकला, राचाप्पानं पुढे केलेल्या दोरीनं गळ्याशी आवळला. एक गाठ. दुसरी गाठ. बोटं एकदाही चुकली नाहीत.

तिसरी गाठ बसली आणि मग हात असा थरथरू लागला की त्याला तो दुसऱ्या हातानं धरावा लागला.

तो मडक्यापासून मागे सरकला.

मग राचाप्पा ओरडला, "हर हर..."

"महादेव!" मंडप दणाणला.

माणसं भिंती सोडून पुढे आली. कुणी झांजा उचलल्या, कुणी टाळ्या पिटू लागलं. एका म्हातारीनं मडक्यालाच लांबून ओवाळलं. रडणारे हसत होते आणि हसणारे रडत होते. पलीकडच्या खोऱ्यातला एक दांडगा माणूस महांतेशला उचलायलाच निघाला.

"अहो, हळू!" महांतेश ओरडला. "मडकं आहे मधे!" आणि तोही हसत सुटला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मठात आल्यापासून तो असा हसला नव्हता.

नीलव्वा त्याच्या पायाशी वाकली. तो दचकून मागे झाला.

"नको, मावशी. तुमच्या पोरीच्या हातावर ठेवणार होतो मी तिला. आणखी दोन घटका गेल्या असत्या तर..."

"पर ठेवलं न्हाईसा न्हवं?" नीलव्वा म्हणाली.

त्यानं मान हलवली.

चन्नू आईच्या कडेवरून खाली उतरली होती. ती महांतेशच्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत होती. साप होता तेव्हा तिनं त्या हाताकडे नीट बघितलं नव्हतं.

"अण्णा, तुमी भ्यालासा?"

"हो."

"लई?"

"लई म्हणजे लईच. हे बघ, अजून थांबत नाही."

चन्नूनं आपला हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. घट्ट. थरथर थांबेपर्यंत धरून उभी राहिली.

जेवणं झाल्यावर माणसं डोंगर उतरायला लागली. मठाच्या पायऱ्यांवर पणत्यांचा उजेड होता, त्यापुढे वाट अंधारी होती. नीलव्वानं सवयीनं पोरीला उचलायला हात पसरले.

"मी चालती," चन्नू म्हणाली.

आणि ती पुढे झाली. वाट वळून दिसेनाशी होईपर्यंत तिचा आवाज वर ऐकू येत होता. ती राचाप्पाला सांगत होती, "आजोबा, हितं दगड हाय. बघून चाला."

सकाळी महांतेश आणि अक्का मडकं घेऊन वरच्या रानात गेले. वस्ती मागे पडली, गुरांची वाट संपली, तिथे करवंदीच्या जाळीमागे जुनी वारुळं आणि मोठाले दगड होते. महांतेशनं मडकं दगडाच्या सावलीत आडवं ठेवलं. दोरीच्या गाठी सोडल्या, लांब काठीनं पंचा ओढला आणि मागे सरकला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग ती बाहेर आली. दिवसाच्या उजेडात तशीच सुस्त, तशीच देखणी. दगडाच्या फटीपाशी गेली. थांबली. आत गेली.

महांतेश कड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. खाली खोरं पसरलं होतं, भाताची खाचरं पिवळी पडली होती. त्यानं दोन्ही हात वर केले. मोकळे, रिकामे हात. आणि पोटातून असा ओरडला की समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. करवंदीतले पक्षी उडाले. त्याला त्याची लाज वाटली नाही.

अक्का दगडावर बसून बघत होत्या. त्या हसत होत्या.

तो त्यांच्याजवळ येऊन बसला.

"अक्का, खरं सांगा. तुम्हाला साप ओळखता येतात."

"छे."

"मग काल..."

"मला पाल आणि सरडा यातला फरक कळत नाही, महांतेश."

"मग तुम्ही नेमकं तेच कसं विचारलंत? बाकी सगळे पट्टे बघत होते, मी बघत होतो. तुम्ही विचारलंत, चावला का. मी म्हणालो, कधीच नाही. आणि तुमचा चेहरा..."

अक्कांनी पदरानं मान पुसली. ऊन चढायला लागलं होतं. मठात येण्याआधीच्या संसाराचं त्या कधी काढत नसत, आणि कुणी विचारतही नसे.

"आमचे मालक फार शांत होते, बाळ," त्या म्हणाल्या. "दिवसाउजेडी अख्ख्या गावात तसा शांत माणूस नव्हता."